दोष काढू नका (ख्रिस्ती शिकवण)

दुसऱ्याच्या पापाचा निवाडा आपण करू नये, तो देवावर सोपवावा, ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत शिकवण. ‘तुमचा न्याय होऊ नये म्हणून दुसऱ्याचा न्याय करू नका’ हे तिचे मुख्य वचन मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायाच्या आरंभी, येशूच्या डोंगरावरील प्रवचनात आहे. लूककृत शुभवर्तमानात (६ : ३७–४२) ते क्षमा आणि दानाच्या जोडीने येते. तिथे दाबून, हलवून, शीग लावून भरलेल्या मापाचे चित्र आहे : ज्या मापाने द्याल, त्याच मापाने परत मिळेल.

मूळ ग्रीक क्रियापद ‘क्रिनो’. वेगळे करणे, निवडणे हा त्याचा जुना अर्थ. पुढे पारखणे, न्याय करणे, दोषी ठरवणे हे अर्थ त्याला फुटले. प्रचलित मराठी बायबलने ‘दोष काढणे’ हा शब्दप्रयोग घेतला. तो घरगुती आणि नेमका आहे. पण मूळ शब्दातला न्यायासनाचा धाक त्यात थोडा कमी होतो. ‘तुमचा न्याय होऊ नये म्हणून’ या कर्मणी रचनेमागचा न्यायाधीश देव आहे. दुसऱ्याला दोषी ठरवणारा त्याच्याच आसनावर जाऊन बसतो, ही खरी हरकत.

पुढचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. ग्रीकमध्ये भावाच्या डोळ्यात काडीचा बारीक तुकडा आणि स्वतःच्या डोळ्यात छपराची तुळई आहे. मराठी भाषांतराने तुळई सोडून मुसळ घेतले आणि ‘कुसळ–मुसळ’ अशी यमकाची जोडी साधली. चर्चची पायरी न चढलेल्या मराठी माणसाच्या तोंडीही ती असते. दृष्टान्तातला विनोद मात्र वाचताना निसटतो. डोळ्यात मुसळ असलेला माणूस कुसळ काढायला पुढे वाकला, तर ते आधी समोरच्याच्या कपाळावर आदळेल. हे चित्र ज्यू परंपरेलाही परके नाही. आपल्याला बोल लावणाऱ्याला ‘आधी तुझी तुळई काढ’ असे सुनावले जाते, अशी रब्बी (ज्यू धर्मगुरू) तारफोन यांची खंत तालमूद या ज्यू धर्मग्रंथात नोंदली आहे.

हे वचन सहसा पहिल्या ओवीवरच थांबवले जाते. पाचवी ओवी सांगते की आधी मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. म्हणजे कुसळ राहू द्यायचे नाहीच. मत्तयच्याच १८ व्या अध्यायात अपराधी भावाला आधी एकांतात समजावावे, मग एकदोन साक्षीदार न्यावेत, शेवटी मंडळीला (स्थानिक ख्रिस्ती समुदायाला) कळवावे, असा क्रम आहे. पौलाच्या पत्रांतही दोन्ही बाजू सापडतात. खाण्यापिण्यावरून भांडणाऱ्या रोमच्या मंडळीला तो विचारतो, दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण? बापाच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्याला मात्र करिंथच्या मंडळीने बाहेर काढावे, असे तोच बजावतो.

व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट (योहान ८) या शिकवणीचा नमुना म्हणून नेहमी सांगतात. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती नाही; तरी मंडळीने ती जपली. दगड मारायला आलेले एकेक करून निघून जातात आणि येशू तिला दोषी ठरवत नाही. यापुढे पाप करू नकोस, एवढे सांगतो.

चौथ्या शतकातील इजिप्तच्या वाळवंटी संन्याशांनी ही शिकवण रोजच्या साधनेत आणली. स्केटीस येथील मठवासीयांची एका चुकलेल्या बंधूचा निवाडा करायला सभा भरली. पूर्वाश्रमीचा दरोडेखोर असलेला मोझेस नावाचा संन्यासी आधी गेलाच नाही. बोलावणे आले तेव्हा गळका घडा पाण्याने भरून, पाठीवर घेऊन तो निघाला. हे काय, असे विचारल्यावर म्हणाला, माझी पापे मागे अशी गळताहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला चाललोय. सभेने त्या बंधूला क्षमा केली.

मग न्यायालयांचे काय? १५२७ च्या श्लाइटहाइम श्रद्धा-जाहीरनाम्यात अ‍ॅनाबॅप्टिस्टांनी (प्रौढपणीचाच बाप्तिस्मा मानणाऱ्या पंथाने) ख्रिस्ती माणसाने दंडाधिकारी होऊ नये, असे ठरवले. टॉलस्टॉयने तर हे वचन थेट न्यायसंस्थेविरुद्धच लावले. धर्मसुधारक ल्यूथरने व्यक्ती आणि पद वेगळे केले : माणूस म्हणून क्षमा करावी, अधिकारी म्हणून न्याय द्यावा. बहुतेक चर्च याच वाटेने गेली. मध्ययुगीन धर्मपंडित टॉमस अक्वायनसच्या मते अधिकार नसताना किंवा नुसत्या संशयावरून केलेला निवाडा हे पाप. आजची कॅथलिक धर्मशिक्षा उतावळ्या निवाड्याला शेजाऱ्याच्या अब्रूविरुद्धचा अपराध मानते आणि शक्य तिथवर त्याच्या बोलण्याचा चांगलाच अर्थ घ्यावा, ही जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलाची सूचना उद्धृत करते.

जुलै २०१३ मध्ये रिओहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस समलिंगी व्यक्तींबद्दल बोलताना म्हणाले, ‘न्याय करणारा मी कोण?’ ती व्यक्ती देवाला शोधत असेल आणि तिची इच्छा शुद्ध असेल तर, ही जोड त्या वाक्याला होती. मथळ्यांत ती उरली नाही.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपवासकाळात संत एफ्रेमच्या नावे चालत आलेली छोटी प्रार्थना म्हणतात. तिच्या प्रत्येक कडव्यानंतर भाविक जमिनीला कपाळ टेकतात. शेवटच्या कडव्यातले मागणे असे : माझेच अपराध मला दिसोत, भावाचा न्याय माझ्याकडून न घडो.