पनामा कालव्यातून शिडाच्या नौकेचा प्रवास

अटलांटिक व पॅसिफिक महासागरांना जोडणाऱ्या सुमारे ८० किमी लांबीच्या पनामा कालव्यातून खाजगी शिडाची नौका पार नेणे. यामुळे दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नच्या वादळी समुद्राचा वळसा टळतो. कालवा १९१४ मध्ये मोठ्या जहाजांसाठी खुला झाला, पण लहानांनाही त्यात मज्जाव नाही. रिचर्ड हॅलिबर्टन हा अमेरिकन प्रवासी १९२८ मध्ये तो पोहून गेला. त्याच्याकडूनही वजनानुसार ३६ सेंट पथकर घेतला गेला!

प्रवासाआधी कालव्याचा अधिकारी नौकेची मोजणी करतो. तांडेलाखेरीज दोर धरणारे चार जण व चार लांब, मजबूत दोर असावेच लागतात. ६५ फुटांपेक्षा लहान नौकेवर कालव्याचा सल्लागार चढतो, मोठीवर पायलट (जलमार्गाचा जाणकार वाटाड्या). शिडे गुंडाळून इंजिनावरच जायचे असते.

कॅरिबियन बाजूने आल्यास पहिली आणि खरी कसोटी गातून येथे लागते. तीन जलपाशांतून (दारे बंद करून पाण्याची पातळी चढवता-उतरवता येणाऱ्या कप्प्यांतून) नौका २६ मीटर उंचावरील गातून तलावात चढते. कप्पा ३३.५ मीटर रुंद व ३०५ मीटर लांब असतो. चढताना लहान नौका सहसा मोठ्या जहाजाच्या मागे असते. भिंतीवरचे कामगार जड गाठ बांधलेली बारीक दोरी नौकेवर फेकतात. ती लागून सौरपट्ट्या फुटू नयेत म्हणून त्यांवर गाद्या अंथरतात. या दोरीला नौकेचा जाड दोर बांधून वर ओढून घेतात. मग तळातल्या भोकांतून तलावाचे पाणी उसळत आत येते. त्यासाठी पंप लागत नाही, उताराने पाणी आपोआप येते. नौका वर येईल तसे चारही दोर एकसारखे आवळत राहावे लागतात. एक जरी सैल पडला तरी नौका फिरते आणि डोलकाठी भिंतीकडे झुकते. म्हणून येथे ताकदीपेक्षा सावध नजरेचा माणूस मोलाचा. दार उघडल्यावर पुढच्या जहाजाचा पंखा पाणी घुसळतो. तेव्हाही सल्लागार सांगेपर्यंत दोर सोडायचा नसतो. कधी दोन-तीन नौका एकमेकींना बांधून नेतात. मग डोलकाठ्या एका रेषेत येऊ न देण्याची काळजी घेतात.

पुष्कळदा रात्र तलावात मोठ्या तरंगत्या बोयाला बांधून काढावी लागते. पाणी गोडे असले तरी त्यात मगरी आहेत, पोहण्याचा मोह आवरावा.

दुसऱ्या दिवशी कुलेब्रा खिंड ओलांडून पेद्रो मिगेल येथे एक व मिराफ्लोरेस येथे दोन टप्पे उतरतात. आता लहान नौका सहसा पुढे असते आणि दोर हळूहळू सैल सोडायचे असतात. दोर खुंटाला अडकला, तर पाणी खाली जाते आणि नौका लटकते. शेवटच्या कप्प्यात गोडे व खारे पाणी मिसळून जोरदार ओढ निर्माण होते.

पुढे १९६२ मध्ये खुल्या झालेल्या अमेरिकांच्या पुलाखालून पॅसिफिक लागतो. कॅरिबियन बाजूला भरती-ओहोटीचा फरक अर्धा मीटरही नसतो. येथे तो पाच मीटरच्या वर जातो. नांगर टाकताना साखळी त्या हिशेबाने सोडावी लागते.