नळीच्या तोंडाशी पेटणारी दुसरी आग

अमेरिकेत 1934 च्या कायद्याने बंदुकीच्या सायलेन्सरवर 200 डॉलरचा कर बसवला होता. 1 जानेवारी 2026 पासून तो शून्यावर आला. ही बातमी वाचून ओळखीच्या एका मुलाने मला विचारलं, "म्हणजे आता गोळी सुटली तरी शेजारच्या घरात कळणार नाही?" हा समज सिनेमाने इतका पक्का केलाय की त्याचं उत्तर नीट द्यायलाच हवं.

तिकडे सुटे भाग आणून घरी रायफल जुळवणारे हौशी पुष्कळ आहेत. स्वतःच्या वापरासाठी तसं करायला केंद्राच्या कायद्याची आडकाठी नाही, काही राज्यांचे नियम मात्र कडक आहेत. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे. या हौशींना ठरवावं लागतं की नळीच्या तोंडावर काय बसवायचं: धक्का कमी करणारा मझल ब्रेक, भडका रोखणारा फ्लॅश हायडर की आवाज कमी करणारा सायलेन्सर. तिन्ही वस्तूंचं काम एकाच गोष्टीशी आहे. गोळीशी नव्हे, तर तिच्यामागून येणाऱ्या वायूशी.

आधी धक्क्याचा हिशोब करू. शाळेतला संवेग अक्षय्यतेचा नियम त्याला पुरतो. तिकडे लोकप्रिय असलेल्या एआर-15 जातीच्या रायफलची गोळी साधारण 4 ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे 900 मीटर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे संवेग, तो झाला 3.6 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. काडतुसात दारू असते साधारण 1.7 ग्रॅम. तिचा वायू होतो आणि तो गोळीच्या जवळजवळ पावणेदोन पट वेगाने बाहेर पडतो. त्याचा संवेग 2.7 च्या आसपास. म्हणजे खांद्याला बसणाऱ्या धक्क्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा गोळीचा नाहीच, तो वायूचा आहे! मझल ब्रेक हा वायू बाजूला वळवतो. सगळाच्या सगळा वायू काटकोनात वळवला तरी वाचतील ते हे चाळीस-बेचाळीस टक्केच. त्याहून जास्त हवं असेल तर वायू मागे, नेमबाजाच्या दिशेने फेकावा लागतो. म्हणून "धक्का जवळजवळ नाहीसा" असं जाहिरातीत दिसलं की हा हिशोब आठवावा. वाचलेल्या धक्क्याची किंमत कान मोजतात. ब्रेक लावलेल्या रायफलीशेजारी उभं राहणाऱ्याच्या छातीवरसुद्धा तो दणका जाणवतो.

पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने विकसित केलेल्या 155 मिमी 'अटॅग्ज' तोफेचा फोटो पाहा. नळीच्या टोकाला दोन्ही बाजूंना खिडक्या असलेला जाड ठोकळा दिसेल. तोही ब्रेकच.

आता माझ्या आवडीचा भाग. रात्री बंदूक झाडली की तोंडाशी जो मोठा भडका दिसतो, ती नळीत जळायची राहिलेली दारू आहे असं बहुतेकांना वाटतं. थोडी असतेही. पण मोठा भडका वेगळ्याच कारणाने होतो. बंदुकीच्या दारूत स्वतःला पूर्ण जाळण्याइतका ऑक्सिजन नसतो. त्यामुळे नळीतून येणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन भरपूर असतात. दोन्ही ज्वलनशील. म्हणजे बाहेर पडतो तो धूर नव्हे, इंधनच.

हा वायू हवेच्या दाबाच्या काहीशे पट दाबाने सुटतो, ध्वनीहून वेगाने धावतो आणि झपाट्याने फुगतो. फुगताना गार होतो. गंमत अशी की तो गरजेपेक्षा जास्त फुगतो. त्याचा दाब भोवतालच्या हवेपेक्षाही खाली जातो, आणि मग तोंडापासून थोड्या अंतरावर एक आघात तरंग, म्हणजे दाब एकदम उसळी घेतो अशी सीमा, उभा राहतो. त्याचा आकार थाळीसारखा असतो आणि त्याला 'माक तबकडी' म्हणतात. तबकडी ओलांडताना वायूचा वेग एकदम ध्वनीच्या खाली येतो. गेलेला वेग उष्णता होऊन परत येतो, गार झालेला वायू पुन्हा तापून चमकतो. याच तापलेल्या इंधनात कडेने बाहेरची हवा मिसळते, ऑक्सिजन मिळतो आणि ते पेटतं. ही दुसरी आग. नळी आखूड असली तर वायू जास्त दाबाने आणि जास्त गरम बाहेर पडतो, म्हणून भडकाही मोठा.

फ्लॅश हायडर ही आग झाकत नाही, ती सहसा पेटूच देत नाही. त्याच्या फटी वायूचा झोत फोडतात, एक मोठी तबकडी नीट बनत नाही आणि मिश्रण पेटण्याइतकं तापत नाही. अमेरिकी सैन्याच्या एम-16 रायफलीवर आधी तीन उघड्या बोटांचा हायडर होता. व्हिएतनामच्या झाडोऱ्यात तो अडकायचा, म्हणून टोक बंद असलेला 'पिंजरा' आला. पुढे ए-2 या सुधारित आवृत्तीत त्याची खालची बाजू सलग ठेवली, फटी फक्त वर आणि बाजूला, एकूण पाच. पोटावर झोपून गोळी झाडली तर धूळ उडू नये म्हणून. अंगठ्याएवढ्या तुकड्यात एवढा विचार! आणि हायडरमुळे शिपाई शत्रूला दिसेनासा होतो असं नाही. मोठा फायदा त्याच्या स्वतःच्या नजरेला होतो. दिपलेल्या डोळ्यांना पुन्हा अंधाराला पुरतं सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. हायरम पर्सी मॅक्सिमने 1909 साली सायलेन्सरचं पेटंट मिळवलं. मशीनगनवाल्या मॅक्सिमचा हा मुलगा, आणि मोटारींच्या आवाजावरही त्याचं काम होतं. सायलेन्सर वायूला कप्प्याकप्प्यांत रेंगाळायला लावतो, थंड करतो आणि हळूहळू सोडतो. रायफलचा आवाज 160 डेसिबलच्या घरात असतो. त्यातून वीस-तीस गेले तरी उरतो तो सिनेमातला 'फुस्स' नव्हे. कान वाचायला मदत होते, हे खरं. पण गोळी स्वतः ध्वनीच्या अडीच पटीहून अधिक वेगाने जात असते, आणि आसुडाच्या फटकाऱ्यासारखा तिचा कडाका वाटेवरच्या प्रत्येकाला ऐकू जातो. तो नळीच्या तोंडाशी जन्मतच नाही, त्यामुळे तिथे काहीही बसवलं तरी तो थांबत नाही.