सरकलेले शून्य

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी घरातून काही जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवण्यासाठी माझ्याकडे आल्या. त्यांतल्या एका घरगुती बैठकीची तरंगाकृती पडद्यावर उमटली, तेव्हा गाणे सुरू होण्यापूर्वीच्या शांततेतली रेषा शून्याच्या थोडी वर होती, आणि ती पाहून घरच्यांनी टेप खराब झाल्याचे ठरवून टाकले. ग्वाल्हेरच्या कपाटांत अशा कितीतरी बैठका पडून आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो, की हा दोष टेपचा असूच शकत नाही.

टेपवरचे चुंबकत्व बदलते तेव्हाच हेडमध्ये, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागात, विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले प्रवर्तन ते हेच. जे बदलत नाही, ते हेडला कळतच नाही. रेषेचे असे शून्यापासून कायम हटलेले असणे, म्हणजे स्थिर सरक, पुढे, वर्धकात (अॅम्प्लिफायरमध्ये) किंवा संगणकाच्या साउंड कार्डात मिसळते. सोळा बिटांच्या ध्वनिमुद्रणात नमुन्यांचे, म्हणजे क्षणोक्षणी मोजलेल्या तरंगाच्या उंचीचे, आकडे −३२,७६८ ते ३२,७६७ एवढेच असू शकतात. शून्य १,५०० ने वर चढले, तर वरच्या बाजूला तेवढी जागा कमी पडते, जोरकस तानेची शिखरे आधी तिथेच कापली जातात, आणि तुकडे जोडताना 'टक्' असा आवाज येतो.

सरक स्थिर असेल, तर सर्व नमुन्यांची सरासरी काढून ती प्रत्येकातून वजा केली की काम झाले. मात्र यंत्र तापत जाते तशी रेषाही हळूहळू सरकू लागली, तर एक गाळणी लागते, आणि ती मला फार सुंदर वाटते. आताच्या नमुन्यातून मागचा नमुना वजा करायचा आणि त्यात मागच्या उत्तराचा ०.९९९ पट भाग मिळवायचा, एवढेच तिचे सूत्र आहे. वजाबाकीत स्थिर भाग नाहीसा होतो, जसा तो हेडमध्ये होतो. पण तिच्यामुळे खालचे सूरही क्षीण होतात, म्हणून बेरीज त्यांना पुन्हा उभे करते. गुणक नेमका १ ठेवला, तर बेरीज सरकही जशीच्या तशी परत आणते, ०.९९९ मुळे प्रत्येक पावलाला हजारावा भाग विसरला जातो. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना ही गाळणी सुमारे ७ हर्ट्झच्या खालचे अडवते, ०.९९५ घेतल्यास ती मर्यादा सुमारे ३५ हर्ट्झवर जाते. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज ७० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणून मी पहिलाच गुणक वापरतो.

या दुरुस्तीने आवाज 'उबदार' होतो, हा प्रचार निराधार आहे, कारण स्थिर सरक म्हणजे शून्य हर्ट्झ, आणि ते कानाला ऐकूच येत नाही. तसेच गळ्याच्या आवाजाची तरंगाकृती वरखाली असमान दिसली, तरी तिची सरासरी शून्य असेल तर ती सरक नव्हे.

कापणे, जोडणे आणि पातळी वाढवणे या सर्वांआधी ही दुरुस्ती करावी. उतरवताना कापली गेलेली शिखरे तिने परत येत नाहीत. पण टेप शाबूत आहे, तेव्हा पातळी कमी ठेवून ती पुन्हा उतरवावी.