मॉनिटरवर ९८ दिसत असताना सिस्टर श्वास का मोजते?

पेशंटला ऑपरेशन थिएटरमधून रिकव्हरी रूममध्ये, म्हणजे भूल उतरेपर्यंत ठेवतात त्या खोलीत, आणलं की आधी त्याच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटरची क्लिप लागते. कोविडनंतर हे यंत्र नाशिकमध्ये घरोघरी पोहोचलं. त्यामुळे दाराच्या काचेतून डोकावणारे नातेवाईक आता बीपीच्या आधी ‘सिस्टर, ऑक्सिजन किती?’ असं विचारतात. ‘अठ्ठ्याण्णव’ म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. माझा पडत नाही. पेशंटच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असतो, आणि मास्क असला की हा आकडा फार उशिरा खरं बोलतो.

श्वासाची कामं दोन. ऑक्सिजन आत घ्यायचा, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून रक्तातलं किती हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलंय ते ओळखतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलेली ही युक्ती अफलातून आहे, पण तिला दुसरं काम दिसतच नाही. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. त्या हवेवर श्वास मंदावला तर आकडा बऱ्यापैकी लवकर घसरतो. मास्कमधून जास्तीचा ऑक्सिजन मिळत असेल, तर मिनिटाला सहा-सात श्वास घेणाऱ्याचाही आकडा बराच वेळ ९७-९८ राहू शकतो. तोवर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. तो फार साचला की त्याचीच गुंगी येते, आणि गुंगीने श्वास आणखी मंदावतो.

त्यात हिमोग्लोबिनचा स्वभाव असा, की फुप्फुसातला ऑक्सिजन बराच कमी झाला तरी ते जवळजवळ भरलेलं राहतं. आकडा नव्वदच्या खाली गेला की मात्र ते भराभर रिकामं होतं. अंजनेरीच्या पठारावर धुक्यात चालणाऱ्याला कडा आल्याचं कळत नाही, तसं.

मग श्वास मंदावतो कशाने? बहुतेक वेळा वेदनाशामकांनी. मॉर्फिन, फेंटॅनिल ही औषधं मेंदूतल्या श्वासकेंद्राला सुस्त करतात. गंमत म्हणजे दुखणं हेच त्यावरचा उतारा असतं. दुखतंय, कुणी हलवतंय, हाका मारतंय, तोवर पेशंट नीट श्वास घेतो. ट्रॉलीवरून बेडवर घेताना टक्क जागा असतो. दहा मिनिटांनी दुखणं थांबतं, खोली शांत होते आणि औषधाला मोकळं रान मिळतं. आम्हाला धास्ती असते ती या दहा मिनिटांनंतरच्या झोपेची. मॉर्फिनचा उतारा म्हणून नॅलोक्सोन देतात, पण त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो आणि मॉर्फिन त्याहून जास्त टिकतं. म्हणून इंजेक्शननंतर पेशंट ताडकन जागा झाला तरी त्याच्यापाशीच थांबावं लागतं.

घोरणं हा दुसरा फसवा प्रकार. ‘किती दिवसांनी गाढ झोपलेत!’ असं घरचे कौतुकाने म्हणतात. भूल पुरती न उतरलेल्या माणसाचं घोरणं म्हणजे जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट अर्धी बंद झाल्याची खूण. वाट पूर्ण बंद झाली की घोरण्याचा आवाजही थांबतो, आणि छाती मात्र वरखाली होतच राहते. मॉनिटर श्वास मोजतो तो छातीवरच्या ईसीजीच्या चकत्यांवरून, म्हणजे छातीच्या हालचालीवरून. हवा आत गेली की नाही हे त्याला ठाऊक नसतं, तो ते श्वास म्हणूनच मोजतो. म्हणून नाकापाशी तळवा धरायचा, मास्कवर वाफ धरते का बघायचं, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजायचं. वाट अडलेली वाटली तर जबड्याच्या कोनाखाली बोटं घालून जबडा पुढे उचलायचा. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

हे मोजणं इतकं साधं आहे, की त्याला कुणी किंमत देत नाही. कितीतरी वॉर्डांत टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर सगळ्या पेशंटचा श्वास ‘२०’ लिहिलेला सापडेल. एवढ्या माणसांचा श्वास सारखाच चालतो, यावर माझा विश्वास नाही.

डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा दहाच्या खाली गेला की रिकव्हरीत हुडहुडी जास्त दिसते असं मला वाटतं. पण ती भर उन्हाळ्यातही असतेच. भुलेमुळे कातडीकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात, पोटा-छातीतली ऊब हातापायांत पसरते आणि पहिल्याच तासात आतलं तापमान एक ते दीड अंशाने उतरतं. तो ताप नव्हे. थरथरणाऱ्या स्नायूंना ऑक्सिजन मात्र दुप्पट-तिप्पट लागू शकतो, हृदयरोग्याला ते झेपत नाही. शिवाय बोटं गार पडली की ऑक्सिमीटरला नाडीच सापडत नाही.

रिकव्हरीतून वॉर्डात कधी पाठवायचं, यासाठी आल्ड्रेटे नावाच्या भूलतज्ज्ञांनी १९७० मध्ये गुणपद्धत मांडली. हालचाल, श्वास, बीपी, शुद्ध आणि रंग, प्रत्येकी दोन गुण. दहापैकी साधारण नऊ मिळाले की पाठवतात. रंगाची जागा पुढे ऑक्सिमीटरने घेतली. श्वासाचे दोन गुण मात्र आजही खोल श्वास घेता येतो का आणि खोकता येतं का यावरच मिळतात. शुद्ध तपासताना भाषेचाही प्रश्न येतो. सटाण्याकडच्या अहिराणी बोलणाऱ्या आजीला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारून ‘प्रतिसाद मंद’ असं लिहिणं मला पटत नाही. तिच्या सुनेकडून दोन वाक्यं आधीच शिकून घ्यावीत.

आणि चहा. ‘डोळे उघडलेत, बोलतायत, दोन घोट देऊ का?’ भुलेत दिलेल्या, स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर श्वासपटलावरून (छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्यावरून) आधी उतरतो, घशाच्या स्नायूंवरून नंतर. श्वास छान चाललेल्या माणसाचाही घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून मी आधी मान उचलून पाच सेकंद धरायला सांगते, मग खोकायला, आणि डॉक्टर हो म्हणाले की एक चमचा पाणी. थर्मास तोवर बंद ठेवा.