कूजन: गोडवा मागाहून चिकटलेला शब्द

मार्च उजाडला की कोकिळेचे व्हिडिओ फिरायला लागतात आणि त्याखाली कुणीतरी हमखास लिहितं, "वा, काय मधुर कूजन!" गंमत अशी की बोलताना हा शब्द कुणी वापरत नाही. आमच्या आंब्यावर कोकीळ कूजन करतोय असं म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही, कोकीळ ओरडतो, चिमण्या चिवचिवतात, पारवे घुमतात, कोंबडा आरवतो. कूजन उरलंय ते शाळेच्या निबंधात आणि कार्यक्रमाच्या निवेदकाच्या तोंडी. अर्थ विचाराल तर सगळे सांगतील, पक्ष्यांचा मंजुळ आवाज. पण शब्दाच्या मुळाशी गेलं तर तिथे मंजुळ वगैरे काही नाहीये.

संस्कृत धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या मूळ धातूंच्या अर्थासकट यादीत, नोंद आहे 'कूज अव्यक्ते शब्दे'. अव्यक्त म्हणजे ज्यातली अक्षरं सुटी करता येत नाहीत असा आवाज, बस. गोड का कर्कश याबद्दल चकार शब्द नाही. भुंग्याचं गुंजन ज्या धातूवरून आलं त्यालाही तिथे हाच अर्थ दिलाय. आणि आयुर्वेदात तर हा शब्द सरळ पोटात आणि घशात जाऊन बसतो: अंत्रकूजन म्हणजे आतड्यांची गुडगुड, कंठकूजन म्हणजे जोराच्या तापात घशातून येणारी घरघर. म्हणजे कवीला कूजन म्हटलं की वसंत आठवणार आणि वैद्याला गॅस झालेला पेशंट, शब्द तोच.

मग गोडवा आला कुठून? माझ्या मते कवींनी तो वरून घातला, आणि जुन्या ओळी बघितल्या की तो घालताना दिसतोसुद्धा. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात आंब्याचा मोहोर खाऊन गळा तुरट झालेला कोकीळ 'मधुरं चुकूज' (गोड कूजला) असं कालिदास म्हणतो, नुसतं चुकूज नाही. मेघदूतात उज्जैनला क्षिप्रेच्या काठी सारसांचं जे 'कूजितं' आहे त्यालाही 'मदकलं' (मस्तीत आलेलं, गोड) हे विशेषण लावलंय. आता सारस कसा ओरडतो ते गोंदियाच्या लोकांना विचारा, महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः तिकडेच उरलाय. तुतारी फुंकल्यासारखा लांबवर जाणारा आवाज, त्याला मंजुळ म्हणायला फार प्रेम पाहिजे. काव्यात विशेषणं उगीचही येतात हे मान्य, पण धातुपाठ आणि वैद्य दोघंही एकच सांगत असतील तर मधुर हे वेगळं लावावं लागत होतं असंच मला वाटतं. बाराव्या शतकात जयदेव गीतगोविंदात 'कोकिलकूजितकुंजकुटीरे' लिहितो तेव्हा त्या समासात मधुर नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला गोडच ऐकू येतं.

मराठी माणसाच्या कानात मात्र हा शब्द जयदेवामुळे नाही, तर रामरक्षेमुळे बसलाय. 'कूजंतं रामरामेति मधुरं मधुराक्षरम्', म्हणजे कवितेच्या फांदीवर बसून राम राम असं गोड कूजन करणारा वाल्मीकी नावाचा कोकीळ, त्याला वंदन. दिवेलागणीला घरोघर पोरांना बसवून हे म्हणून घेतलं जायचं, संस्कृतचा गंध नसलेल्यालाही ही ओळ पाठ. आणि बघा, इथे तर मधुर दोनदा आलंय! एवढं लहानपणापासून कूजन, कोकीळ आणि मधुर हे तिघं एका दमात म्हटल्यावर ते एकमेकांना चिकटणारच ना.

आपल्या संतांनी मात्र पक्ष्यांसाठी घरचीच क्रियापदं वापरली. ज्ञानेश्वरांचा कावळा 'कोकताहे', तुकोबांचे पक्षी 'सुस्वरें आळविती'. पंडित कवींकडे आलो की संस्कृत थाट सुरू. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) तर स्वतःच्या नावातला मोर धरला, मोराच्या ओरडण्याला केका म्हणतात म्हणून देवाला मारलेल्या आपल्या हाकांना नाव दिलं केकावली. मोराचा आवाज काही गोड नसतो हे त्यांना माहीत नसेल असं थोडंच आहे, आर्त हाकेला तो बरोबर शोभतो.

आता टायपिंगचा घोळ. शब्द तत्सम आहे, क ला दीर्घ ऊकार, कूजन. ऱ्हस्व केलात की कुजन, म्हणजे वाचणाऱ्याला थेट 'कुजणे' आठवतं, आणि संस्कृतात कुजन म्हणजे वाईट माणूस. त्यात 'पक्ष्यांचे' मधला य गाळायची सवय आपल्याला आहेच, मग 'पक्षांचे कुजन' असं होतं आणि निसर्गावरची पोस्ट एकदम राजकारणावर जाते (चुकीची असते असं नाही). दुसरा घोळ लिंगाचा. आपण बिनधास्त कोकिळा गाते म्हणतो, पण वर चढत जाणारं ते कुहू-कुहू काळ्या नराचं असतं, ठिपकेवाली तपकिरी मादी किक-किक-किक असा घाईघाईचा आवाज काढते. कालिदासाने 'पुंस्कोकिलो' असं नरच लिहिलंय, आपणच मागाहून त्याची बाई केली.

पक्षीनिरीक्षक मंडळी तर कूजन म्हणतच नाहीत, ते म्हणतात कॉल ऐकला, साँग ऐकलं, आणि यात खरा फरक आहे. कॉल छोटा, धोका दिसला, पिल्लांना बोलवायचं, थवा एकत्र ठेवायचा यासाठी. साँग लांब आणि रचलेलं, बहुतेक वेळा विणीच्या हंगामात नर हद्द सांगायला आणि मादीला बोलवायला गातो. कूजन हा शब्द साँगसाठी राखून ठेवावा आणि कॉलला साधं हाक म्हणावं असं माझं मत. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर जे माणसासारखी शीळ घालत बसतो ते कूजन, भल्या पहाटे दयाळ गातो तेही कूजन.

पण मग कोकिळाची पंचाईत होते. पक्षीशास्त्रात गाणाऱ्या पक्ष्यांचा एक वेगळा गट आहे, त्यांच्या स्वरयंत्राची रचना जास्त गुंतागुंतीची असते. हे स्वरयंत्र आपल्यासारखं घशात वर नसतं, श्वासनलिका खाली जिथे दोन फांद्यांत फुटते तिथे असतं. कस्तूर, दयाळ, बुलबुल, चंडोल सगळे त्या गटात. कोकीळ त्यात नाही, तो पावशाच्या कुळातला. आणि ज्याच्या घरट्यात कोकिळा अंडी घालून मोकळी होते तो कावळा मात्र शास्त्राच्या यादीत रीतसर गाणारा पक्षी आहे.