सामी प्रदेशातील सांस्कृतिक पर्यटन

सामी हे उत्तर युरोपातील आदिवासी. नॉर्वे, स्वीडन व फिनलंड यांचा उत्तर भाग आणि रशियाचे कोला द्वीपकल्प ही त्यांची पिढीजात भूमी. तिला ते साप्मी म्हणतात. पाहुण्यांना काय दाखवायचे, केव्हा दाखवायचे आणि काय दाखवायचेच नाही हे सामींनी स्वतः ठरवावे, कमाई त्यांच्या गावांत राहावी आणि भाषा, हस्तकला व रेनडियरपालन यांना धक्का लागू नये, ही येथील शाश्वत सांस्कृतिक पर्यटनाची भूमिका आहे. यातला पहिला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. तो सुटला की बाकीचे टिकत नाहीत.

या आग्रहामागे कटू इतिहास आहे. १८७५ साली हॅम्बुर्गचे प्राणिव्यापारी कार्ल हागेनबेक यांनी काही सामींना रेनडियर व घरसामानासह प्रदर्शनात मांडले, आणि लोक तिकीट काढून माणसे पाहायला आले. पुढे पर्यटन वाढले तशी नक्कल वाढली. महाराष्ट्रातून निघणाऱ्या सहलीही ज्या रोवानिएमीला सांताक्लॉजच्या गावासाठी जातात, ते शहर फिनलंडच्या कायद्याने ठरवलेल्या सामी प्रदेशात मोडत नाही. तो प्रदेश आणखी उत्तरेला, इनारी, उत्स्योकी, एनोन्तेकिओ आणि सोदानक्यूलाच्या उत्तर भागात आहे. तरीही फिनलंडच्या पर्यटनात सामी नसलेल्यांना नकली सामी पोशाख घालून उभे करण्याचे, मनाने रचलेले 'प्राचीन विधी' करून दाखवण्याचे प्रकार वर्षानुवर्षे चालले. सामी तरुणांनी त्याविरुद्ध निदर्शने केली.

या पोशाखाला गाक्ती म्हणतात. रंग, फिती, टोपी आणि पट्टा पाहून जाणकार माणूस समोरच्याचा भाग, कधी त्याचे घराणेही ओळखतो. काही भागांत पट्ट्यावरची बटणे गोल की चौकोनी यावरून लग्न झाले आहे की नाही तेही कळते. कारखान्यात शिवलेल्या नकलेत यातले काहीच नसते. म्हणूनच अस्सल हस्तकलेच्या, म्हणजे दुओजीच्या वस्तूंवर 'सामी दुओजी' ही खूण लावण्याची पद्धत सुरू झाली.

फिनलंडच्या सामी संसदेने, म्हणजे सामींनी निवडलेल्या प्रतिनिधी मंडळाने, २०१८ मध्ये जबाबदार आणि नैतिकदृष्ट्या शाश्वत सामी पर्यटनाची तत्त्वे मंजूर केली. सामींविषयीची खोटी माहिती थांबवणे आणि त्यांचे सांस्कृतिक व्यवहार सुरक्षित ठेवणे हा त्यांचा गाभा आहे. पाहुण्यांकडून अपेक्षा साध्या आहेत: विचारल्याशिवाय, विशेषतः मुलांचे, फोटो काढू नयेत, खाजगी अंगणात शिरू नये, पवित्र स्थळांचा मान राखावा. रेनडियर किती आहेत हेही विचारू नये. तो बँकेतली शिल्लक विचारण्यासारखा प्रश्न आहे.

जमिनीवरचा खरा संघर्ष मात्र रेनडियरभोवती आहे. हिवाळ्याच्या अखेरीस गाभण माद्या बर्फ उकरून खालचे दगडफूल खातात आणि अंगातली ताकद जपून वापरतात. अशा वेळी कुत्र्यांच्या गाड्या किंवा स्नोमोबाइल जवळून गेल्या की कळप उधळतो, विखुरतो. तो पुन्हा गोळा करण्यात पशुपालकाचे दिवस जातात. कुत्र्यांच्या गाडीची सफर जाहिरातींत लॅपलंडची, म्हणजे याच उत्तरेकडच्या भागाची, ओळख म्हणून झळकते, पण ती सामी परंपरा नाही.

म्हणून पर्यटनाचा प्रश्न शेवटी जमिनीच्या हक्कापाशी येतो. स्वीडनने १९९३ मध्ये डोंगराळ भागातील लहान प्राण्यांची शिकार बाहेरच्यांना मोठ्या प्रमाणावर खुली केली. गिर्यास या रेनडियरपालक समुदायाने सरकारला न्यायालयात खेचले आणि जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या क्षेत्रातील लहान प्राण्यांच्या शिकारीचे व मासेमारीचे परवाने देण्याचा हक्क समुदायाचाच असल्याचा निकाल दिला. १९९६ पासून जागतिक वारसा असलेल्या, स्वीडनच्या उत्तरेकडील लापोनिया या क्षेत्राच्या व्यवस्थापन मंडळातही आता सामींचे बहुमत आहे.

चांगली उदाहरणे आहेत. स्वीडनमधील योकमोकचा हिवाळी बाजार १६०५ पासून भरतो; फेब्रुवारीतल्या त्या कडाक्यात सामी कारागीर स्वतःच्या वस्तू विकतात, आणि पर्यटक नसते तरी बाजार भरलाच असता. इनारीतील सीदा हे सामी संग्रहालय सामी स्वतः चालवतात; २०२४ चा युरोपातील सर्वोत्तम संग्रहालयाचा पुरस्कार त्याला मिळाला. छोटी कुटुंबे 'कोटा' नावाच्या शेकोटीभोवतीच्या तंबूत मोजके पाहुणे घेतात, रेनडियरचे मांस वाढतात, मन झाले तर योइक हे पारंपरिक सामी गाणे गातात.

फिनलंडची २०१८ ची तत्त्वे मात्र कायदा नाहीत. ती न पाळणाऱ्या कंपनीला दंड होत नाही, आणि नकली गाक्ती विकण्यावर बंदी घालण्याची सामींची मागणी कायम आहे.