दुर्गम ग्रामीण वस्त्यांतील इन्फ्लुएंझाच्या साथी (सोलापूर जिल्हा)

इन्फ्लुएंझा किंवा फ्ल्यू हा श्वसनमार्गाचा विषाणुजन्य आजार. खोकला, शिंक आणि निकटचा सहवास यांतून तो पसरतो. लागण झाल्यावर एक ते चार दिवसांत ताप, अंगदुखी, कोरडा खोकला सुरू होतो आणि बहुतेक रुग्ण आठवडाभरात बरे होतात. आडवळणाच्या वस्तीवर मात्र सगळे घर एकदम अंथरुणाला खिळले, की पाणी भरायला, जनावरांना वैरण टाकायला, आजाऱ्याला पेज पाजायला कोणी उरत नाही. एरवी सुसह्य ठरणारा ताप तिथे जिवावर बेततो.

१९१८ ची साथ, म्हणजे मानमोडी, जूनमध्ये मुंबईत आली आणि रेल्वेने देशात पसरली. सोलापूर मुंबई-मद्रास मार्गावरच होते. दुसरी, अधिक घातक लाट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उसळली. त्या वर्षी पाऊस फसला होता, धान्य महागले होते. मंगळवेढा, बार्शीकडची रब्बी ज्वारीची पेरणी नेमकी याच दिवसांत होते, आणि मानमोडीने २० ते ४० वयाची धडधाकट माणसेच जास्त नेली. पेरणीचे हातच गेले. भारतातील मृत्यूंचे अंदाज १.२ ते २ कोटींच्या आसपास आहेत. १९११-२१ या दशकात देशाची लोकसंख्या घटली.

२००९ च्या साथीत एच१एन१ (स्वाइन फ्ल्यू) विषाणूने झालेला देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. आता हा विषाणू हंगामी झाला आहे. महाराष्ट्रात फ्ल्यू मुख्यतः पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या अखेरीस वाढतो. पंढरपूरची आषाढी वारी पहिल्या काळात येते, तर ऊसगाळप दुसऱ्या काळात.

सर्वांत दुर्लक्षित आहेत त्या ऊसतोडणी टोळ्यांच्या कोप्या. पाचटाच्या एकाच खोपटात अख्खे कुटुंब झोपते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून ताप अंगावर काढला जातो, गरोदर बाईसुद्धा फडात उतरते. आशा कार्यकर्तीची नेमणूक साधारण हजार लोकसंख्येमागे एक, पण ती गावाच्या हिशेबाने. फडाबरोबर सरकणारी वस्ती त्या हिशेबातून सहज निसटते. हे अपरिहार्य नाही. टोळी उतरताच कारखान्याने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणे शक्य आहे.

ओसेल्टामिविर हे फ्ल्यूवरचे औषध लक्षणे दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडते. धाप लागणे, ओठ निळसर होणे, मूल पाणी न पिणे किंवा ताप उतरून पुन्हा चढणे ही तातडीने रुग्णालयात नेण्याची लक्षणे आहेत.